आधी पाणी, मग सल्ला

झाशी म्हटले की मराठी माणसाला किल्ला आणि राणी आठवते. त्या किल्ल्याकडे पाठ करून बबीनाच्या वाटेला लागले की बिजौली येते. इथे कारखान्यांची वसाहत आहे. पण ती मागे पडली की बुंदेलखंडाची नेहमीची शेती सुरू होते, तांबडी, उताराची आणि दगडगोट्यांची. अशा जमिनीला इथले लोक ‘राकड’ म्हणतात, जरा बरी असेल तर ‘परुआ’. पाऊस वर्षाला सरासरी ८५० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या मराठवाड्याहून कमी नव्हे. पण खाली ग्रॅनाइटचा खडक. पाणी मुरते थोडे, वाहून जाते फार. वैशाखात विहिरी तळ गाठतात, हातपंप नुसते खडखडतात आणि हंडे घेऊन वणवण करायची ती बायकांनी.

गंमत अशी की ही झाशी शेतीशास्त्राचे मोठे केंद्र आहे. १९६२ साली इथे गवत व चारा संशोधन संस्था निघाली, १९८८ मध्ये कृषिवनिकीचे केंद्र आले, २०१४ मध्ये राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने केंद्रीय कृषी विद्यापीठ स्थापन झाले. जिल्ह्यासाठी भरारी येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. एवढे तज्ज्ञ उशाला असताना शेतकरी कोरडाच का?

कारण सल्ला आणि शेत यांच्यामध्ये विहीर असते. गव्हाला पेरणीनंतर साधारण २१ दिवसांनी पहिले पाणी द्यावे, असे कृषी कार्यकर्ता सांगतो. सांगतो ते खरेच आहे. पण पाणी नसेल तर तो सल्ला म्हणजे पीठ नसलेल्या घरात पुरणपोळीची कृती वाचून दाखवणे!

परासईची हवेली

हा क्रम उलटा करून पाहिला तो बबीना विकासखंडातील परासई, छतपूर आणि बछौनी या तीन गावांत. २०११ पासून कृषिवनिकी केंद्राचे शास्त्रज्ञ आणि हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ ही संस्था यांनी सुमारे १२५० हेक्टरांच्या पाणलोटात काम सुरू केले. पैसा आला एका शीतपेय कंपनीच्या प्रतिष्ठानाकडून. पाण्याच्या कामाला पाणी विकणाऱ्यांचा पैसा, हाही एक योगायोगच.

शास्त्रज्ञांनी तिथे नवे काही आणले नाही. बुंदेलखंडात ‘हवेली’ नावाची जुनी रीत आहे. शेताच्या उताराकडच्या बाजूला मातीचा बांध घालून पावसाळाभर पाणी अडवायचे, ऑक्टोबरात ते सोडून द्यायचे आणि त्याच ओलीवर हरभरा किंवा गहू पेरायचा. तोवर आजूबाजूच्या विहिरी भरलेल्या असतात. मातीचे बांध फुटत गेले, दुरुस्ती कोणी करीना, आणि हवेल्या मोडल्या. परासईच्या हवेलीला पक्की भिंत व सांडवा मिळाला, नाल्यांवर बंधारे झाले. भूजलाची पातळी सरासरी दोन मीटरहून अधिक वर आली. २०१४ आणि २०१५ या लागोपाठच्या अवर्षणाच्या वर्षांतही या गावांतल्या विहिरींना पाणी राहिले.

मग मात्र सल्ल्याला गिऱ्हाईक मिळाले. सुधारित बियाणे, बांधावर फळझाडे, हिरवा चारा, सगळे लोक विचारू लागले. दुभत्या म्हशी वाढल्या. म्हशीचे वैरणपाणी मात्र पाहते घरची बाई, आणि मेळाव्याचे आमंत्रण जाते घरच्या पुरुषाला. हे अजून पुष्कळ ठिकाणी तसेच आहे.

मोकाट जनावरांचा प्रश्न

पाण्याने सगळेच सुटत नाही. बुंदेलखंडात ‘अन्ना प्रथा’ आहे. रब्बी निघाली की चाऱ्याअभावी जनावरे मोकळी सोडतात. पूर्वी ती उन्हाळ्यापुरती असे, आता भाकड गाई वर्षभर हिंडतात. उन्हाळी मूग पेरा, असे एकट्या शेतकऱ्याला सांगून काय उपयोग? एका रात्रीत कळप शेत साफ करतो. इथे चाऱ्याचे संशोधन खरे उपयोगी पडावे, पण त्यासाठी एका शेतकऱ्याने ऐकून भागत नाही, सारे गाव एका विचाराचे व्हावे लागते.

हवेलीचेही तेच. पाण्याखाली जाते ते कोणा एकाचे शेत. त्याचा खरीप बुडतो आणि विहिरी भरतात शेजाऱ्यांच्या. बांध कसा घालावा हे शास्त्रज्ञ सांगू शकतात, पण ऑक्टोबरात पाणी कोणत्या दिवशी सोडायचे आणि फुटलेल्या बांधाची वर्गणी कोणी किती द्यायची, हे गावालाच बसून ठरवावे लागते.