चालताना पाय का भरून येतात?

भाजी आणायला निघालेल्या आजी दोनशे-तीनशे पावले चालल्या की थांबतात. पोटऱ्या भरून येतात, पाय जड होतात, मुंग्या येतात. एखाद्या दुकानाच्या पायरीवर दोन मिनिटे टेकल्या की सगळे ओसरते. पुढे तेवढेच अंतर गेल्यावर पुन्हा तेच. याच तक्रारीचे एखादे आजोबा चौकापर्यंत चालू शकत नाहीत, पण सायकलवरून दोन-तीन किलोमीटर सहज जाऊन येतात. घरच्यांना ते ढोंग वाटते. खरे तर निदानाची किल्ली त्या सायकलीतच असते.

कमरेच्या मणक्यांमागे हाडांच्या कड्यांची मिळून एक नळी झालेली असते. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो आणि त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका या नळीतून उतरतो. वय वाढते तशी मणक्यांमधली गादी झिजून फुगते, मागचे छोटे सांधे जाड होतात, नळीच्या मागच्या बाजूचा अस्थिबंधही जाड होतो. नळी अरुंद होते. एमआरआयच्या अहवालात याला ‘लंबर कॅनाल स्टेनोसिस’ म्हणतात. नेदरलँड्सचे मेंदूशल्यचिकित्सक हेंक वर्बिस्ट यांनी 1954 मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हापासून तो वैद्यकात नीट ओळखला जाऊ लागला.

ताठ उभे राहिले किंवा मागे वाकले की ही नळी आणखी आवळते. किंचित पुढे वाकले, बसले की थोडी मोकळी होते. म्हणून सायकल चालते, हातगाडीवर किंवा वॉकरवर रेलून चालणे जमते, चढापेक्षा उतार जास्त त्रास देतो. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात. पण तिथे नुसते उभे राहिले तरी आराम पडतो आणि सायकल मारतानाही पाय दुखतात. मधुमेही आणि तंबाखूचे व्यसन असलेल्यांच्या पायाच्या नाड्या म्हणूनच तपासाव्या लागतात.

एमआरआयचा अहवाल वाचून घाबरणारे पुष्कळ. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कमरेचा काहीही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यातल्या साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे एकवीस टक्क्यांच्या मणक्याची नळी अरुंद आढळली. उपचार ठरतो तो रुग्ण किती चालू शकतो यावर, फिल्मवर नव्हे.

खरा घोटाळा सल्ल्यांचा आहे. गादी सरकलेल्या रुग्णाला ‘पुढे वाकू नका’ असे सांगितले जाते आणि पालथे झोपून पाठ मागे वाकवण्याचे व्यायाम दिले जातात. तेच ऐकून शेजारची साठीतली बाई कंबर दुखते म्हणून भुजंगासन, शलभासन, धनुरासन सुरू करते. तिची नळी अरुंद असेल तर प्रत्येक भुजंगासनात नसा आणखी दाबल्या जातात. मग ‘व्यायामाने वाढले’ म्हणून व्यायामच सुटतो, कमरेला पट्टा येतो आणि पट्ट्याच्या भरवशावर पोटाचे-पाठीचे स्नायू ढिले पडत जातात.

या आजारात फिजिओथेरपीची दिशा उलटी असते. उताणे झोपून आधी एक, मग दोन्ही गुडघे छातीशी घेणे, म्हणजे पवनमुक्तासनच. गुडघे वाकवून पोट आत घेत कंबर गादीला टेकवणे. मांडीच्या पुढचे, जांघेतले स्नायू ताणणे. ते आखडले की कंबर पुढे ओढली जाऊन तिचा बाक वाढतो. नितंब आणि पोटाचे स्नायू बळकट करणे. एका जागी उभी केलेली सायकल चालवणे. चालणे बंद करायचे नाही, त्याचे तुकडे करायचे: पाय भरून यायच्या आधीच बसायचे, मग पुन्हा उठायचे. तीनशे पावलांवर दुखत असेल तर दोनशेवरच बाकडे शोधावे. हाडे ठिसूळ असलेल्या स्त्रियांनी मात्र बसून खोल पुढे वाकणे टाळावे, त्याने मणका चेपू शकतो. झोपून केलेले व्यायाम त्यांच्यासाठी बरे.

हे व्यायाम चित्रांचा कागद हाती देऊन भागत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकदा तेवढेच होते. जपानमध्ये 86 रुग्णांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे व्यायाम केलेल्यांना घरच्या घरी करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. खेड्यातून दोन गाड्या बदलून येणाऱ्याला आठवड्याला दोन खेपा जड जातात हे खरे. निदान पहिल्या काही खेपांत सोबत आलेल्या सुनेने-मुलाने व्यायाम पाहून शिकून घ्यावा.

शस्त्रक्रिया टळते का? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात शस्त्रक्रियेला तयार असलेल्या 169 रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला सहा आठवडे फिजिओथेरपी. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हालचालींच्या क्षमतेत लक्षणीय फरक नव्हता. मात्र फिजिओथेरपीच्या गटातल्या 57 टक्क्यांनी या काळात शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे व्यायाम ही जादू नाही. पण शस्त्रक्रियेची तारीख ठरत आलेल्यांतही बऱ्याच जणांचे तिच्यावाचून भागले. पाठीत द्यायच्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनबाबत 2014 चा 400 रुग्णांचा अभ्यास आहे. नुसत्या भूल देणाऱ्या औषधाच्या तुलनेत स्टेरॉइड मिसळून सहा आठवड्यांनी फारसा जादा लाभ दिसला नाही.

दीड-दोन महिने मनापासून व्यायाम करूनही घरातल्या घरात फिरणे कठीण जात असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार टाळू नये. नसांवरचा दाब मोकळा केल्यावर पायांच्या दुखण्यात चांगला फरक पडतो. कमरेचे दुखणे तेवढे जात नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

काही लक्षणांत एक दिवसही थांबू नये: लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल लुळे पडणे किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होणे. मानेतली नळी अरुंद झाली असेल, तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे मज्जारज्जूच दाबला जातो. शर्टाची बटणे लावता येईनात, हातातून वस्तू निसटू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर मानेचे व्यायाम करत बसू नये, मानेला मालिश तर मुळीच करवून घेऊ नये. थेट मणक्याच्या किंवा मेंदूच्या शल्यचिकित्सकाला दाखवावे.