हत्यार आणि हात

गेल्या पावसाळ्यात आमच्या निवासाचे पुढचे दार पाण्याने फुगले व चौकटीत बसेना. आमचे आयुष्य पुस्तकांत गेलेले. तरीही उत्साहाच्या भरात आम्ही विजेचा रंधा मागून आणला व पाच मिनिटांत दाराची कड ताशून टाकली. उन्हाळ्यात लाकूड आकसले आणि फटीतून सरडा खुशाल आत येऊ लागला! अखेर गावच्या वृद्ध मिस्त्रींना बोलाविले. त्यांनी लाकडी पट्टी बसवून फट बुजविली व जाताना म्हणाले, "फादर, ओल्या लाकडाला घाई करू नये. हातरंध्याची चूक हळू होते, म्हणून ती सावरता येते. मशीन थांबत नाही."

या उद्गारांनी आमचे मन आपल्या बेळगावच्याच एका इतिहासाकडे वळले. येथे १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले. पुढे त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर बनविले. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळे पहिल्या नांगरांना गिऱ्हाईक मिळण्यास फार काळ गेला. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली त्यांनी औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसविली. आज बेळगावच्या उद्यमबागेत ओतशाळा व लेथ यांचा आवाज अखंड चालू असतो, आणि आपल्या गावांतील कित्येक तरुण तेथेच पोट भरतात.

तेव्हा लोक यंत्राला भीत असत. आज भीती उरली नाही. पण तिच्याबरोबर सावधपणाही गेला, ही चिंतेची गोष्ट आहे.

कडबाकुट्टीचेच पाहा. कडबा आत ओढणारे रूळ कडबा आणि हात यांत भेद करीत नाहीत. वीज बंद केली तरी जड चाक काही वेळ फिरतच राहते व पाती त्या चाकालाच जडलेली असतात. म्हणून अडकलेली काडी काढण्यासाठी हात घालण्यापूर्वी चाक पूर्ण थांबू द्यावे. हाताने चालविण्याच्या यंत्राचे चाकही काम संपताच कडीने अडकवून ठेवावे. मोकळे चाक म्हणजे मुलांना खेळणेच वाटते. माताभगिनींनी पदर घट्ट खोचावा, बांगड्या वर सारून बांधाव्यात.

दुसरे यंत्र ग्राइंडर. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. म्हणजे तिच्या कडेचा वेग ताशी २०० किलोमीटर होतो. ती फुटली तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. त्यांना अडविणारे पत्र्याचे झाकण 'मध्ये येते' म्हणून काढून टाकणारे तरुण आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. एकाच्या भुवईवर अशाच तुकड्याने झालेली खूण आहे. अर्धा इंच खाली लागता, तर डोळा गेला असता. झाकण व चष्मा यांशिवाय हे यंत्र चालवू नये. लाकूड कापण्याची दातेरी चकती त्यास कधीही लावू नये. पडलेली, तडकलेली किंवा पावसाळ्यात ओल धरलेली चकती वापरू नये. चांगल्या चकतीवर मुदतीची तारीख छापलेली असते, तीही पाहावी.

वाचकहो, यंत्राने कष्ट हलके झाले, हे आम्ही नाकारीत नाही. मिस्त्रींच्याही घरी विजेचे ड्रिल आहे. परंतु भोक पाडण्यापूर्वी ते लाकूड शिकंज्यात आवळतात, पाते बदलण्यापूर्वी वायर उपसून ठेवतात. संध्याकाळी पटाशीला धार लावून, करवतीला तेलाचा बोळा फिरवून ते आपली पेटी बंद करतात. दाराचे काम झाल्यावर आम्ही त्यांच्या हाती चहाचा पेला दिला, तेव्हा आमचे लक्ष त्या हातांकडे गेले. पन्नासाहून अधिक वर्षांच्या सुतारकामानंतरही दहाही बोटे शाबूत आहेत. त्यांच्या कसबाचे याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?