माणशी ३०९ लिटर

मुंबई महापालिका शहराला दररोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवते. २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या भरली १,२४,४२,३७३. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं की माणशी ३०९ लिटर येतात. हा भागाकार मी दोनदा करून पाहिला. कारण झोपडपट्टीत राहणाऱ्या माणसासाठी महापालिकेने वर्षानुवर्षं धरलेला निकष आहे माणशी ४५ लिटर. पंचेचाळीस लिटर म्हणजे तीन मोठे हंडे. त्यात पिणं आलं, रांधणं आलं, आंघोळ, भांडी, धुणं आलं, आणि घरात तान्हं मूल असेल तर त्याची दुपटीही आली.

३०९मधून गळती आणि चोरी वजा करावी लागते, कारखाने आणि हॉटेलं वजा करावी लागतात, शिवाय गेल्या पंधरा वर्षांत वाढलेली माणसं धरावी लागतात. आकडा बराच खाली उतरतो, पण ४५च्या जवळपासही येत नाही. आणि २०११ साली या शहरातले ५२,०६,४७३ लोक, म्हणजे शंभरातले जवळपास बेचाळीस, झोपडपट्टीत राहत होते. त्यातल्या ज्यांची झोपडी सरकारने ठरवलेल्या तारखेनंतरची होती, त्यांना तर हे ४५ लिटरही हक्काने मिळत नव्हते. डिसेंबर २०१४मध्ये ‘पाणी हक्क समिती’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी त्यातल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. शहराला पहिल्या धरणाचं पाणी मिळालं १८६० साली, विहारमधून. तिथून या निकालापर्यंत १५४ वर्षं गेली.

शहराला सात तलाव पाणी देतात. विहार आणि तुळशी शहरातच, बोरिवलीच्या जंगलात आहेत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४मध्ये पूर्ण झालेलं मध्य वैतरणा ही पाच ठाणे, पालघर, नाशिक या जिल्ह्यांतली. शहापूर तालुक्यातून जाताना मुंबईकडे निघालेले ते अजस्र नळ रस्त्याच्या कडेला दिसतात. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकर येतो आणि बाया विहिरीच्या काठावर ताटकळत बसतात. माणशी लिटर काढताना या पाड्यांना कुठल्याच रकान्यात जागा मिळत नाही. मला ते फार लागतं.

सरासरी किती फसवू शकते हे मुंबईने २६ जुलै २००५ रोजी पाहिलं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि कुलाब्यात जेमतेम ७४. दोन्हींची सरासरी काढली तर पाचशेच्या आसपास येते. तेवढा पाऊस यांपैकी कुठल्याच वेधशाळेने मोजला नाही. दक्षिण टोकाला मंत्रालय आणि महापालिकेचं मुख्यालय जवळजवळ कोरडं होतं, आणि कलिना, कुर्ला, साकीनाका गळ्यापर्यंत बुडत होतं.

या शहराची मोजदाद नेहमीच एखाद्या धास्तीने किंवा हव्यासाने झाली आहे. १८६४ साली शिरगणती झाली तेव्हा अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव होता आणि समभागांचं वेड शिगेला पोचलं होतं. लोकसंख्या भरली ८,१६,५६२. युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. १८७२मध्ये पुन्हा मोजलं तर ६,४४,४०५. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं नाहीशी! बहुतेक जण आल्या वाटेने गावी परतले असणार. पुढे १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेगचा रोगी सापडला. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमापाशी त्यांचा पुतळा आहे, त्याच्याकडे मान वर करून बघणारे थोडे. १८९१चे ८,२१,७६४ लोक १९०१मध्ये ७,७६,००६ झाले. त्या आकड्यात मेलेले किती आणि पळालेले किती, हे बेरजेवरून कळत नाही.

गाव आणि मुंबई यांचं नातं मात्र एका आकड्यात लख्ख दिसतं. २०११मध्ये मुंबई शहर जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ८३२ स्त्रिया होत्या, उपनगर जिल्ह्यात ८६०. त्याच वेळी रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आणि सिंधुदुर्गात १०३६. मुंबईत कमी पडणाऱ्या बाया उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये, घाटावर अशा अनेक ठिकाणी आहेत, पण कोकणाचं गणित सगळ्यात जुनं. शे-सव्वाशे वर्षं पुरुष गिरणीत, गोदीत, पोलिसात, घरकामाला मुंबईत, आणि बाईमाणूस गावी भाताच्या वाफ्यात. गिरणगावातल्या खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे, खानावळ चालवणारी बाई त्यांना जेवू घालायची. माझ्या आजीने तिच्या चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बहुधा गणपतीत आणि शिमग्यालाच पाहिलं. मनीऑर्डर आली की पोस्टमनकडून ती पैसे दोनदा मोजून घ्यायची. जनगणनेच्या तक्त्यात ११२२ हा आकडा वाचला की मला ती आठवते.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपाने हे चक्र मोडलं. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले आणि गिरण्या पुन्हा कधीच पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. आधी जमिनींचे भाव चढले, मग मनोरे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३,३८,०३१वरून ३०,८५,४११वर आली. अडीच लाखांहून अधिक माणसं कमी झाली आणि या वेळी ना प्लेग होता ना मंदी. लालबाग-परळमधले लोक विरार, बदलापूर, डोंबिवलीकडे गेले आणि रोज सकाळी लोकलने परत येऊ लागले. त्या प्रवासात, रूळ ओलांडताना किंवा डब्यातून पडून, वर्षाला साधारण अडीच हजार माणसं मरतात. एवढे मृत्यू एका दिवसात झाले असते तर देशभर सुतक पाळलं गेलं असतं.

आता कारभाराकडे येतो. १८७३मध्ये पहिली महापालिका भरली तेव्हा सभासद ६४ होते. निम्मे करदात्यांनी निवडलेले, उरलेल्यांत सोळा सरकारने नेमलेले आणि सोळा जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी. भाडं भरणाऱ्या, हमाली करणाऱ्या माणसाला मत नव्हतं. आज नगरसेवक २२७. २०११च्या लोकसंख्येने भागलं तर एका नगरसेवकामागे ५४,८१२ माणसं येतात. म्हणजे पूर्वी ज्याला नगर म्हटलं असतं, तेवढ्या वस्तीचा एक प्रतिनिधी. त्यातही खरे अधिकार १८८८च्या कायद्याने आयुक्ताकडे दिलेले आहेत, महापौराकडे नाहीत. तरी स्थायी समितीत प्रश्न विचारले जात, कंत्राट अडवलं जाई, प्रभागात गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं हे लोकांना ठाऊक असे.

७ मार्च २०२२ रोजी सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली जानेवारी २०२६मध्ये. मधल्या काळात राज्य सरकारने नेमलेला प्रशासक हाच सर्वेसर्वा होता. या काळात मांडलेले तीन अर्थसंकल्प असे : ५२,६१९ कोटी, ५९,९५४ कोटी आणि ७४,४२७ कोटी रुपये. बेरीज १ लाख ८७ हजार कोटी. एवढी रक्कम सभागृहात एकाही लोकप्रतिनिधीने हात वर न करता मंजूर झाली. शेवटच्या वर्षाचा खर्च माणशी मोजला तर सुमारे ५९,८०० रुपये होतो. गोवंडीत सार्वजनिक संडासासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलीला हा आकडा कसा समजावून सांगायचा, मला सुचत नाही.

आणि हे सगळे भागाकार २०११च्या माणसांवर चालले आहेत. २०२१ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून मोजणी जाहीर झाली आहे. प्रगणकांमध्ये बरेचसे शाळामास्तर आणि मास्तरणी असतात. घरयादीच्या वेळी ते दारोदार जाऊन पिण्याच्या पाण्याबद्दल विचारतात : पाणी कुठलं, आणि ते आवारात आहे, जवळ आहे की दूर. शहरात शंभर मीटरपलीकडे असेल तर ‘दूर’ लिहायचं. मानखुर्दच्या चिंचोळ्या गल्लीत एखादी बाई ‘जवळ’ असं उत्तर देईल आणि ते खरंही असेल, कारण नळ तिच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवर आहे. पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ राहतं, हा प्रश्न त्या यादीत नाही.