दुखण्याकडून शब्दाकडे

शब्द ठाऊक असतो पण अर्थ ठाऊक नसतो, तेव्हा आपण शब्दकोश उघडतो. आजारी माणसाची अडचण नेमकी उलटी असते. अर्थ त्याच्या अंगात ठणकत असतो. नसतो तो शब्द. 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंत लावलेला कोश त्याच्या हाती दिला, तरी त्याने कोणते पान उघडावे? अशा माणसासाठी अर्थाकडून शब्दाकडे नेणारा उलट कोश हवा. तो कसा करावा, एवढाच आजचा विषय.

या विषयाकडे आम्ही भाषेच्या आवडीने वळलो नाही. फाउंड्रीत ओतीव भागांवरची वाळू घासून काढणारा एक कामगार काही वर्षांपूर्वी संघटनेच्या कचेरीत आला. "भाऊ, छातीचा भाता झालाय, जिना चढवत नाही," असे तो म्हणाला. त्याच्या कागदांवर आधी 'जुना खोकला' आणि पुढे 'क्षय' लिहिलेले होते. क्षयाच्या गोळ्या त्याने दोनदा पुऱ्या केल्या, पण धाप हटली नाही. अखेर एका जाणत्या डॉक्टरांनी त्याला त्याचे काम विचारले आणि छातीचा फोटो पुन्हा पाहिला. तेव्हा 'सिलिकोसिस' हा शब्द कागदावर आला. तोवर त्याची नोकरी सुटली होती.

वाळूतील सिलिकाची अतिबारीक धूळ वर्षानुवर्षे फुप्फुसात साचते आणि तेथील मऊ भाग निबर होत जातो. ही हानी भरून येत नाही. धुळीतून माणूस वेळीच बाहेर काढणे हाच खरा इलाज. शिवाय अशा फुप्फुसाला क्षयाचा धोका अधिक असतो, म्हणून एका रोगाच्या आड दुसरा लपतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने काही रोगांची यादी केली आणि त्यांची खबर सरकारला देणे बंधनकारक ठरवले. सिलिकोसिस त्या यादीत होता. २०२० च्या श्रमसंहितेतही अशी यादी आहे. पण यादीत 'भाता' नाही आणि 'धाप' नाही. कायदा नावाने हाक मारल्याशिवाय ओ देत नाही. म्हणून आमच्या लेखी हा प्रश्न भाकरीचा आणि भरपाईचा आहे.

अर्थानुसार कोश लावण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. अमरकोशात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, वर्गांनी आहेत. शरीराची आणि रोगांची नावे त्याच्या मनुष्यवर्गात एकत्र सापडतात. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी रचलेला राज्यव्यवहारकोशही दहा वर्गांचा आहे. किल्ल्याचा शब्द हवा तर दुर्गवर्ग पाहावा. इंग्रजीत १८५२ साली अर्थानुसारी कोश काढणारे रॉजे हे तर व्यवसायाने डॉक्टरच होते. आपल्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची. त्याने वैद्यकाच्या शाखांचे परिभाषा कोश परिश्रमाने सिद्ध केले. परंतु ते इंग्रजी शब्दापासून निघतात. ज्याला तो इंग्रजी शब्दच ठाऊक नाही, त्याला दार बंद राहते.

मग उलट कोश करायचा कसा? पहिले काम वेचणीचे. लोक दुखणे कसे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत, गाव आणि काम यांसह, टिपून घ्यावे. आपली भाषा येथे श्रीमंत आहे. ठणका, कळ, चमक, उसण, तिडीक, ठसठस, जळजळ, पेटके, मुंग्या ही नुसती पर्यायी नावे नव्हेत. प्रत्येकाची जात निराळी. 'शुगर', 'बीपी' हे शब्दही लोकांचेच झाले आहेत. त्यांनाही पंक्तीत बसवावे.

दुसरे काम निवडण्याचे. 'चक्कर येते' असे तिघे सांगतात. एकाला घर फिरताना दिसते, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, तिसऱ्याचा चालताना तोल जातो. डॉक्टरांच्या दृष्टीने या तीन वाटा आहेत. कोशाने 'चक्कर' या एका शब्दाखाली हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत.

तिसरे काम मांडणीचे. अवयव कोणता, जाणीव कशी, वेळ कोणती, हे तीन कप्पे कोणालाही सुचतील. चौथा कप्पा कामाचा, आणि तोच सर्वांत जास्त विसरला जातो. इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा धंदा अवश्य विचारावा, असे बजावले. ते का, हे दोन नोंदींवरून कळेल. सुटीनंतर सोमवारी कामावर आले की छाती आवळते, पुढे आठवड्यात सैल पडते; काम कापूस पिंजण्याचे वा सूत कातण्याचे : बिसिनोसिसची शंका घ्यावी. पोटात पिळवटून कळ, शौचाला खडा, हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ, मनगट लुळे. काम बॅटरीचे वा शिशाचे : शिशाच्या विषबाधेची तपासणी मागावी.

येथे 'शंका घ्यावी' आणि 'तपासणी मागावी' हे शब्द आम्ही जाणून वापरले आहेत. कोश हा डॉक्टर नव्हे. एका तक्रारीला अनेक नावे असू शकतात. ती सारी द्यावीत आणि निदान डॉक्टरांवर सोपवावे.

चौथे काम पारखण्याचे. प्रत्येक नोंद डॉक्टरांनी तपासावी. मग कोश अशा माणसाच्या हाती द्यावा, ज्याचा एकही शब्द त्यात घेतलेला नाही. तो स्वतःच्या दुखण्यापासून निघून नावापर्यंत पोचला, तरच नोंद उतरली. पोचला नाही, तर चूक कोशाची; माणसाची नव्हे.

ऐकून घेतले तर काय हाती लागते, याचा दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. तशी तपासणी पूर्वी झालेल्या अवघ्या ८ टक्के. 'अंगावरून जाते' एवढेच बोलून, किंवा तेही न बोलता, बायका दुखणे अंगावर काढत होत्या.

महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. सातपूर-अंबडचा फिटर, सिन्नरची विडी वळणारी बाई, मालेगावचा मागवाला हेही याच जिल्ह्यातले. एकाकडे नावे आहेत, दुसऱ्याकडे दुखणी. मध्ये पूल तेवढा नाही. आपल्या घरात, कारखान्यात दुखण्याला जो शब्द वापरला जातो, तो आज रात्री एका कागदावर लिहा आणि त्याखाली दुखणाऱ्याचे काम लिहा. या कोशाची पहिली पाने अशीच भरतील.