पासष्ट मिलिमीटरचा हिशेब

रात्रभर पाऊस झोडपून गेला की उमरीकडच्या सोयाबीनवाल्यांचा सकाळी एकच प्रश्न असतो, “आपल्या मंडळात पासष्ट झाला का?” महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला की ती अतिवृष्टी. एवढ्या पावसात एका एकरावर पाणी पडतं तरी किती?

एकर म्हणजे चाळीस गुंठे, ४,०४७ चौरस मीटर. वैज्ञानिक रूपात हे ४.०४७ गुणिले दहाचा घात ३. पाऊस ०.०६५ मीटर, म्हणजे ६.५ गुणिले दहाचा घात उणे २. आता आकड्यांचा गुणाकार करायचा आणि घातांकांची बेरीज: २६.३०५५ गुणिले दहाचा घात १. दशांशचिन्हाआधी एकच अंक हवा, म्हणून चिन्ह एक घर डावीकडे सरकतं आणि घातांक एकाने वाढतो: २.६३०५५ गुणिले दहाचा घात २ घनमीटर. लिटरमध्ये २,६३,०५५.

यातले शेवटचे ५५ लिटर कुणी मोजले? कुणीच नाही. पूर्ण मिलिमीटरमधली ‘६५’ ही नोंद ६४.५ची असू शकते, ६५.४चीही. पहिलीने २,६१,००० लिटर येतात, दुसरीने २,६४,७००. सुरुवातीचे २ आणि ६ टिकतात, तिसऱ्या अंकापासून सगळं डळमळीत. म्हणून उत्तर २.६ गुणिले दहाचा घात ५ लिटर, दहा हजारी टँकरच्या सव्वीस खेपा.

मात्र ही काटछाट शेवटी करायची. एका लिटर पाण्यात सुमारे ३.३४ गुणिले दहाचा घात २५ रेणू असतात. एकरावरचे रेणू काढताना २.६३०५५ला ३.३४ने गुणलं तर ८.८ गुणिले दहाचा घात ३० येतात. आधीच छाटून २.६ला ३.३ने गुणलं तर ८.६. वाटेतल्या छाटणीने उत्तरच हललं.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत अशी दहापटीने चढणारी अठरा स्थानं दिली, शेवटचं परार्ध, दहाचा घात १७. एकरभर पावसाचे रेणू मोजायला ती नावं अपुरी पडतात, घातांक पडत नाही. पण घातांक कितीही चढला, तरी पर्जन्यमापकाने अंक दोनच दिले आहेत. तिसरा लिहिला, तर तो पावसाचा नव्हे, आपल्या पदरचा.