पडद्यामागचं तंत्र (भाग ६) : कार्ड नवं, किल्ली जुनी

गेल्या भागात आपण डीसीपी, म्हणजे चित्रपटाची डिजिटल प्रत, थिएटरपर्यंत कशी पोहोचते ते पाहिलं. ती नुसती हातात असून भागत नाही. तिच्यातलं चित्र आणि आवाज कुलूपबंद असतात आणि ते उघडायला केडीएम नावाची छोटीशी फाइल लागते, हेही ओझरतं आलं होतं. आज त्या फाइलकडे एका अडचणीच्या बाजूने पाहू, कारण सगळं सुरळीत चालू असताना तिचं खरं रूप कळत नाही.

समजा, शुक्रवारचा चित्रपट सर्व्हरवर चढवून झाला आहे, केडीएमही आला आहे. गुरुवारी दुपारी प्रोजेक्टरमधलं मीडिया ब्लॉक हे कार्ड बंद पडतं. इंजिनिअर दुसरं कार्ड घेऊन येतो आणि संध्याकाळपर्यंत बसवतो. पडदा उजळतो, जाहिराती लागतात, ट्रेलर लागतात. मुख्य चित्रपट मात्र काही केल्या सुरू होत नाही. ऑपरेटरला वाटतं कार्ड खराब निघालं, वितरकाला वाटतं प्रत खराब आहे. प्रत्यक्षात दोन्ही ठणठणीत असतात. जाहिराती आणि ट्रेलर सहसा कुलूपबंद नसतात, म्हणून ते चालले. चित्रपटाची किल्ली मात्र जुन्या कार्डाच्या नावावर होती, आणि ते कार्ड आता खोक्यात पडलं आहे.

इथे मुळातली गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. केडीएम थिएटरला दिलेला नसतो, मालकालाही नाही. तो एका विशिष्ट कार्डाला दिलेला असतो. शेजारच्या पडद्याचं कार्ड त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं असलं तरी त्याला तो उपयोगी नाही.

ही रचना आली हॉलिवूडमधून. २००२ साली तिथल्या सात मोठ्या स्टुडिओंनी मिळून डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्हज, म्हणजे डीसीआय, ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये तिचं पहिलं तांत्रिक विवरण बाहेर आलं. स्टुडिओंना धास्ती होती ती चोरीची. फिल्मच्या प्रिंटची नक्कल काढली की ती मूळ प्रतीपेक्षा फिकी पडायची. डिजिटल फाइलची नक्कल मात्र मुळाइतकीच चोख असते. जगभरातल्या हजारो थिएटरांतल्या माणसांवर भरवसा टाकण्यापेक्षा स्टुडिओंनी तो यंत्रावर टाकला. त्यानंतरचं सगळं या एका निर्णयातून निघतं.

चित्रपट एईएस या पद्धतीने, १२८ बिटांच्या किल्लीने बंद केला जातो. फिल्मची रिळं गेली, पण डीसीपीतही चित्रपट रिळांत विभागलेला असतो. प्रत्येक रिळाच्या चित्राला एक किल्ली आणि आवाजाला दुसरी. सहा रिळांच्या चित्रपटाला अशा किमान बारा किल्ल्या होतात. त्या सगळ्या एकत्र करून पुन्हा बंद करायच्या आणि थिएटरकडे पाठवायच्या, हे केडीएमचं काम.

हे दुसरं बंद करणं कसं होतं, ते थोडं गमतीचं आहे. समजा, मी माझी उघडी कुलपं गावभर वाटून ठेवली आणि त्यांची एकमेव किल्ली माझ्या खिशात ठेवली. आता कोणीही पेटीत वस्तू घालून माझं कुलूप दाबून बंद करू शकेल, पण उघडणार फक्त मी. मीडिया ब्लॉकचंही तसंच आहे. कारखान्यातच त्याच्यासाठी आरएसए पद्धतीची, २०४८ बिटांच्या किल्ल्यांची एक जोडी तयार होते. तिचा सार्वजनिक भाग प्रमाणपत्राच्या रूपात कोणालाही देता येतो. खासगी भाग कार्डाच्या आत राहतो आणि तो उत्पादकाच्या इंजिनिअरलाही बाहेर काढता येत नाही.

त्या खासगी भागाची राखणही कडक असते. कार्डावरचं आवरण उचकटायचा प्रयत्न झाला की आतली किल्ली आपोआप पुसली जाते. ही पुसण्याची तयारी वीज गेल्यावरही जागी राहावी म्हणून कार्डावर बॅटरी असते. म्हणजे कोणी चोरी केली नाही, हात लावला नाही, पण बरीच वर्षं झाली आणि बॅटरी संपली, तरी किल्ली जाते. मग कार्ड उत्पादकाकडे पाठवण्यावाचून इलाज नाही. थिएटर महिनोन्‌महिने बंद ठेवायचं असेल तर ही बॅटरी आधी तपासून घ्यावी.

कार्डातल्या घड्याळालाही हात लावता येत नाही. केडीएममध्ये ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत’ अशी मुदत लिहिलेली असते. घड्याळ मागे करता आलं असतं तर मुदतीला अर्थच उरला नसता. म्हणून एका कॅलेंडर वर्षात फार तर सहा मिनिटं पुढे-मागे करायची मुभा आहे.

आता नव्या कार्डाकडे येऊ. ते खाचेत बसवलं की पहिलं काम प्रोजेक्टरशी त्याची जोडणी करण्याचं. या व्यवसायात तिला ‘मॅरेज’ म्हणतात. उघडलेलं चित्र कार्डाकडून प्रोजेक्टरकडे जाताना मध्येच कोणी तार लावून पळवू नये, यासाठी दोघांनी एकमेकांना ओळखायचं असतं. हे काम फोनवरून किंवा नेटवरून होत नाही. अधिकृत माणसाला यंत्रापाशी उभं राहावं लागतं आणि कित्येक प्रोजेक्टरांवर त्यासाठीचं बटण हाताने दाबावं लागतं.

दुसरं काम प्रमाणपत्र मिळवण्याचं. ते सर्व्हरच्या मेनूतून पेन ड्राइव्हवर उतरवता येतं किंवा अनुक्रमांक देऊन उत्पादकाकडून मागवता येतं. इथे हमखास घोळ होतो. प्रोजेक्टरचंही स्वतःचं प्रमाणपत्र असतं आणि घाईत तेच पाठवलं जातं. केडीएमसाठी हवं असतं ते मीडिया ब्लॉकचं. फाइल पाठवण्याआधी तिच्यातला अनुक्रमांक नव्या कार्डावरच्या चिकटपट्टीशी ताडून पाहावा.

तिसरं काम ही बातमी सगळीकडे पोहोचवण्याचं, आणि वेळ खातं ते हेच. केडीएम बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडे कोणत्या थिएटरच्या कोणत्या पडद्यामागे कोणतं कार्ड आहे, याची यादी असते. त्यातलं जुनं कार्ड काढून नवं घालावं लागतं. एका पडद्यावर तीन वितरकांचे चित्रपट चालू असतील तर तिघांकडे निरोप गेला पाहिजे. चालू चित्रपटांचे केडीएमही नव्याने मागवावे लागतात, नाहीतर शुक्रवारचा नवा चित्रपट लागतो आणि शनिवारी सकाळचा जुना अडतो. केडीएम तयार करायला संगणकाला काही सेकंद पुरतात. विलंब होतो तो वितरकाच्या माणसाने ‘हो, हे बुकिंग आमचंच, द्या’ असं म्हणेपर्यंत. गुरुवारी रात्री तो माणूस फोनवर सापडेलच असं नाही.

नवा केडीएम ई-मेलने येतो, सहसा झिप फाइलमध्ये. तो उघडून पाहायचा मोह टाळावा. ही साधी एक्सएमएल फाइल असली तरी तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असते. एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडून ती चुकून सेव्ह झाली आणि एखादं अक्षर जरी हललं, तरी स्वाक्षरी जुळत नाही आणि सर्व्हर फाइल नाकारतो. तशीच्या तशी पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि चढवावी.

शेवटी चाचणी. पहिली पाच मिनिटं पाहून केबिनला कुलूप लावू नये. प्रत्येक रिळाच्या किल्ल्या वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला उडी मारून चित्र आणि आवाज दोन्ही येतात का ते पाहावं. दहा-पंधरा मिनिटांत ते होतं.

आपल्याकडे एक फरक लक्षात ठेवायला हवा. महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्सना वरचं सगळं लागू आहे. एकपडदा थिएटरांपैकी अनेकांनी मात्र डीसीआयच्या खर्चिक वाटेने न जाता यूएफओ किंवा क्यूबसारख्या कंपन्यांची स्वस्त ई-सिनेमा यंत्रणा घेतली. यूएफओने तर चित्रपट उपग्रहावरून पाठवायला सुरुवात केली. तिथे फाइलचा प्रकार वेगळा, कुलूप वेगळं, आणि किल्ल्यांचा कारभार बराचसा त्या-त्या कंपनीच्या हाती. यंत्र बदललं तर निरोप बहुधा एकाच ठिकाणी द्यावा लागतो. सोय मोठी, पण अवलंबूनही त्याच एका ठिकाणावर राहावं लागतं.

दोन्ही पद्धतींत थिएटरमालकाची स्थिती सारखीच आहे. यंत्र त्याच्या पैशाचं, प्रेक्षकांची बोलणी खाणारा तोच, पण यंत्राच्या आतली किल्ली त्याची नाही. चोराला अडवण्यासाठी बांधलेली भिंत प्रामाणिक माणसालाही अडवते, आणि तो तिच्यापलीकडे जाऊ शकत नाही. त्याच्या हातात उरते फक्त पूर्वतयारी. प्रत्येक पडद्यामागच्या कार्डाचा अनुक्रमांक आणि बॅटरीची तारीख वहीत लिहिलेली असावी, प्रमाणपत्राच्या फाइली जपून ठेवलेल्या असाव्यात, आणि केडीएम देणाऱ्या कंपन्यांच्या रात्रपाळीचे फोन नंबर केबिनच्या भिंतीवर असावेत. एवढं असेल तर गुरुवारी दुपारी कार्ड गेलं तरी शुक्रवारी सकाळचा खेळ वाचू शकतो.

हाच मीडिया ब्लॉक आणखी एक काम गुपचूप करत असतो. तो चित्रात आणि आवाजात ३५ बिटांची एक अदृश्य खूण मिसळतो, आणि कोणी पडद्यावरून चोरून चित्रीकरण केलं तर ते कुठल्या पडद्यावरून आणि केव्हा झालं हे त्या खुणेवरून शोधता येतं. ही खूण कशी उमटते आणि कशी वाचतात, ते पुढच्या आठवड्यात.