कॉलेजचे पहिले वर्ष सांभाळा!

बारावीचा निकाल लागला की वस्तीत पेढे वाटले जातात. विहारात तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून मुलामुलींचा सत्कार होतो, भाषणे होतात. आम्हीही अशी भाषणे केली आहेत. पण समाजकार्य करताना एक गोष्ट ध्यानात आली आहे. सत्कार झालेल्यांपैकी काही मुले पुढच्या जूनला कॉलेजात दिसत नाहीत. कुणी कुरिअरच्या थैल्या उचलतो, कुणी दुकानात उभा असतो. विचारले तर खाली मान घालून सांगतो, "काका, अभ्यास जमला नाही."

हे उत्तर आम्हाला पटत नाही. कारण हेच उत्तर आम्ही स्वतः एकदा तयार ठेवले होते.

१९९८ साली आम्ही एफ. वाय. बी. कॉम.ला प्रवेश घेतला. वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात काम सुटले ते सुटलेच, पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी धरली. घरातून कॉलेजची पायरी चढणारे आम्ही पहिलेच. बारावीपर्यंतचे शिक्षण मराठीत, आणि पुस्तपालन हा तर आमचा आवडता विषय! पण पहिल्याच तासाला सर इंग्रजीत भराभर बोलू लागले. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स, डेप्रिसिएशन. पुढच्या बाकावरची मुले माना डोलावत होती. आम्ही शेवटच्या बाकावर बसून वहीत रेघा ओढत होतो. उठून विचारावे तर इंग्रजी चुकेल, सगळे हसतील ही भीती. सहामाहीला अकाउंटन्सीत नापास झालो.

घरी सांगितले नाही. सकाळी डबा घेऊन निघायचे, स्टेशनच्या बाकावर बसून राहायचे आणि दुपारी परत यायचे. जवळजवळ ३ आठवडे असेच गेले. आई विचारायची, "अभ्यास कसा चाललाय रे?" आम्ही म्हणायचो, "बरा चाललाय." फीची पावती वडिलांनी रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत जपून ठेवली होती. ती आठवली की घास उतरत नसे.

सावरले ते चाळीतल्या एका दादाने. तो टी. वाय.ला होता आणि संध्याकाळी विहारात मुलांचा अभ्यास घ्यायचा. त्याने आमची वही चाळली आणि विचारले, "खतावणी येते ना तुला?"

"येते."

"मग लेजर म्हणजे तीच. रोजकीर्द म्हणजे जर्नल. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स. घसारा म्हणजे डेप्रिसिएशन. अरे, तुला सगळं येतंय. फक्त नावं बदललीत."

त्या रात्री वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. वर्षअखेरीस दुसऱ्या एका विषयात केटी लागली, पण अकाउंटन्सी सुटली. आज आमची कारकुनी त्या वहीवरच उभी आहे.

म्हणून कळकळीने सांगतो. पहिल्या वर्षी आपली मुले बुद्धीत कमी पडत नाहीत, ती एकटी पडतात. आणि न विचारण्याची लाज त्यांना घरी बसवते.

मदत घेण्यात कसली लाज? बाबासाहेब १९०८ साली एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तर प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. त्याआधी शाळेत असताना परळच्या एका खोलीत सुभेदार रामजीबाबा रात्री २ वाजेपर्यंत स्वतः जागत आणि मग मुलाला उठवून अभ्यासाला बसवत. जागा एकाच्याच झोपण्याची, म्हणून बापाने आपली झोप वाटून घेतली!

पालकहो, इंग्रजी आपल्याला येत नसेल, पण एवढे तर करता येईल! संध्याकाळी २ तास टी.व्ही. आणि मोबाईलचा आवाज बंद ठेवा. मुलगी कॉलेजातून आली की भांडी तिच्याच वाट्याला का? मुलालाही घासू द्या. "किती मार्क पडले?" यापेक्षा "आज काय समजले नाही?" हे विचारा. नापास झाल्याचे सांगितले तर आधी जेवायला वाढा, मग बोला.

आम्ही कारकून माणूस, कागदाची किंमत जाणतो. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा, बँक खाते आधारला जोडलेले आहे का ते आधीच पाहा. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायला विसरू नका. बाहेरगावी शिकणाऱ्याला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करा. कुणी जातीवरून टोमणा मारला, अपमान केला, तर तारीख, वेळ, जागा आणि ऐकणाऱ्यांची नावे त्याच दिवशी लिहून ठेवा. प्राचार्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आहे. सोसत बसणे म्हणजे सहनशीलता नव्हे.

आणि जी मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला पोहोचली आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या वस्तीतला एक पहिल्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी निवडा. आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसून त्याची वही चाळा. फार शिकवावे लागत नाही. "हे तुला येतंय," एवढे सांगणारे कुणीतरी लागते.

सत्कार जूनमध्ये होतो. पण मुलाची खरी चौकशी दिवाळीनंतर करा, सहामाहीचा निकाल लागला की. स्टेशनच्या बाकावर डबा घेऊन बसलेला एखादा मुलगा आपल्याच घरचा असू शकतो.

जयभीम!